कोरडा जुलै आणि दोन झेंडे

१ जुलै, रविवार

नोरीन काल तिच्या बहिणीकडे, पोर्ट पिरीला गेली. भांडून गेली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला निदान माझी बाजू मांडता येते. ती इस्त्री केलेले कपडे बॅगेत भरत होती आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "क्लेम, तू क्लबातून झुलत आलास की आधी मला राग यायचा. आता येत नाही. राग येत नाही याचीच मला भीती वाटायला लागलीय."

अडतीस वर्षांचा संसार आहे आमचा. मी विचारलं, "चहा घेऊन जातेस?" ती नको म्हणाली.

अट अशी आहे. अख्खा जुलै एक थेंबही घ्यायचा नाही. जमलं तर ती एक ऑगस्टला परत येईल. नाही जमलं तर बहिणीच्या मागच्या खोलीला पडदे शिवायला तिने कापड बघून ठेवलंय. ही वहीसुद्धा तिनेच दिली. "रोज लिही," म्हणाली, "मला दाखवू नकोस. स्वतःला दाखव."

दुपारी फुटबॉल क्लबात जाऊन 'कोरडा जुलै'च्या तक्त्यावर नाव लिहिलं. दरवर्षी भिंतीवर हा तक्ता लागतो, कोरड्या दिवसापुढे चांदणी चिकटवायची. मध्येच शपथ मोडली तर पुढच्या सामन्याला शेजारच्या, कट्टर वैरी वॉलकॉट गावाची जर्सी घालून कँटीनमध्ये पेस्ट्या, त्या मटण भरलेल्या मोठ्या करंज्या, विकायच्या. वॉलकॉटची जर्सी अंगात घालण्यापेक्षा आमच्याकडे लोक उघडे फिरणं पसंत करतील.

स्नो पास्को बारच्या टोकाला बसला होता. नाव लिहिताना मला बघून तो घोट गिळायचा विसरला. म्हणाला, "क्लेम्या, तू महिनाभर कोरडा? अरे, आपल्या गावचं धरण आटेल पण तू आटणार नाहीस." चाळीस वर्षांची मैत्री आहे आमची. मी नावाखाली रेघ ओढली.

३ जुलै, मंगळवार

दोन चांदण्या चिकटवल्या. संध्याकाळी पाच वाजता हातांना काय काम द्यावं हे कळत नाही. आल्याचं सरबत प्यायलो. कोंबड्यांशी बोललो. त्यांना नोरीनची सवय आहे, माझ्याकडे त्या भाडेकरूकडे बघावं तसं बघतात.

सकाळची गोळी मात्र चुकवली नाही. मार्चमध्ये धान्याच्या कोठारावरची नोकरी संपली आणि मी दोन आठवडे अंथरुणातून उठलो नाही, तेव्हा डॉक्टरांनी मनासाठी म्हणून ही दिली. ती मी वॉलकॉटच्या दुकानातून आणतो. आमच्या टॅलाबिंगामध्ये लाजेची औषधं सगळेच वॉलकॉटहून आणतात, आणि वॉलकॉटवाले त्यांच्या लाजेची आमच्याकडून नेतात. कुणी कुणाला ओळख दाखवत नाही. हे गावांमधलं एकमेव सौजन्य आहे.

६ जुलै, शुक्रवार

खोकला धरलाय. कोरडा, कुत्रा भुंकल्यासारखा. उद्या फुटबॉलचा सामना आहे आणि माझ्यासारख्या गोल-अंपायरने खांबाशी ताठ उभं राहायचं असतं, खोकत वाकून नाही.

थुईच्या दुकानात गेलो. ती पोरगी दोन वर्षांपूर्वी ॲडलेडहून आली आणि गावातलं एकमेव औषधांचं दुकान घेतलं. हुशार आहे, पण प्रश्न फार विचारते. खोकला किती दिवस, कफ आहे का, ताप आहे का. शेवटी, "क्लेम, तुम्ही आणखी काही औषधं घेता का? रक्तदाब, झोप, मनासाठी काही?"

माझ्या मागे चर्चमधली मिसेस ट्रेलोर उभी होती. तिचा कान इतका मोठा झालेला की टोपी वर सरकली होती. मी म्हटलं, "मी? काही नाही. घोड्यासारखा आहे."

"नक्की?"

"घोड्यासारखा," मी म्हटलं.

थुईने बाटली दिली, सोबत मापाचं झाकण. जास्त घ्यायचं नाही, चार-पाच दिवसांत थांबला नाही तर डॉक्टर, असं बरंच काही सांगितलं.

७ जुलै, शनिवार

टॅलाबिंगा जिंकलं. खोकला थोडा बसला. पांढरा कोट नोरीननेच जायच्या आधी धुऊन ठेवलेला होता, पण झेंड्यांना इस्त्री मी केली आणि एकाचा कोपरा जाळला.

तेवीस वर्षं आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा गोल-अंपायर आहे मी. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला की सहा गुण, दोन बोटं रोखायची आणि दोन झेंडे. शेजारच्या बुटक्या खांबाच्या आत गेला की एक गुण, एक बोट, एक झेंडा. नोरीन लग्नानंतर पहिल्यांदा सामना बघायला आली तेव्हा म्हणाली होती, "नेम चुकला तरी गुण देणारा हा जगातला एकच खेळ असेल. नवऱ्यांनीच शोधलेला दिसतो." आज ते आठवलं आणि एक झेंडा हलवताना हसू आलं. मैदानाभोवती लावलेल्या गाड्यांच्या रांगेतून स्नोने ओरडून विचारलं की मी कुणाकडे बघून हसतोय.

कँटीनमधल्या पेस्ट्यांत गाजर होतं. नोरीन कँटीनमध्ये असताना गाजराची हिंमत नव्हती.

१० जुलै, मंगळवार

हे लिहावं की नाही? नोरीन म्हणाली होती स्वतःला दाखव, तर दाखवतो.

काल मापाचं झाकण सिंकच्या मागे पडलं. म्हणून औषध अंदाजाने घेतलं आणि अंदाज जरा उदार झाला. तासाभराने खुर्चीत बसलो होतो तर पायाखालची सतरंजी मेंढीच्या पाठीसारखी मऊ लागायला लागली. माझे हात माझेच होते, पण थोडे लांब राहायला गेल्यासारखे. रेडिओवर लोकरीचे भाव सांगत होते आणि ते ऐकून मला भरून आलं. मार्चनंतर पहिल्यांदा डोक्यातली ती घरघर बंद झाली.

आज सकाळी मन खात होतं. ही लबाडी तर नाही? म्हणून बाटली खिडकीत नेऊन चष्मा लावून वाचली. तिथे छापलंय: साखरविरहित, मद्यार्कविरहित. मद्यार्कविरहित. म्हणजे सरकारमान्य कोरडी. जीव भांड्यात पडला. चांदणी चिकटवून आलो.

१२ जुलै, गुरुवार

दुसरी बाटली आणली. खोकला अजून आहे, असा मी थुईसमोर खोकलो. चांगला जमला.

स्नो म्हणतो माझा चेहरा उजळलाय. "दारू सोडलेला माणूस म्हणजे नुसतं चिडकं माकड असतं," म्हणाला, "तू तर लग्नाला निघाल्यासारखा दिसतोस. काय खातोस?" मी म्हटलं, निर्धार.

१५ जुलै, रविवार

चौदा चांदण्या. क्लबातल्या नऊ जणांनी शपथ घेतली होती, आता मी आणि शाळेचा मास्तर दोघेच उरलो. लोक माझ्या पाठीवर थाप मारतात. आयुष्यात माझ्या नावापुढे इतक्या चांदण्या कधी लागल्या नव्हत्या.

एक बारीक तक्रार आहे. घाम फार येतो. जुलैमध्ये, ऐन हिवाळ्यात, अंगणात दहिवर गोठलेलं असताना, मी बनियनवर बसतो. जबडाही दुखतो, झोपेत दात खात असणार. थंडीचे दिवस, चालायचंच.

१६ जुलै, सोमवार

थुईने तिसरी बाटली दिली नाही. दुकानात गर्दी नव्हती, तरी ती काउंटरवरून बाहेर आली आणि हळू आवाजात बोलली. "क्लेम, दहा दिवसांत ही तिसरी. डॉक्टरांना दाखवा. आणि खरं सांगा, खोकल्यासाठीच घेताय ना?"

"म्हणजे काय? मग कशासाठी घेईन?"

"काही जण मजेसाठी घेतात. दुकानातून सरळ मिळतं म्हणून त्यांना ते सरबत वाटतं. सरबत नाहीये ते. जास्त घेतलं की डोकं फिरतं, आणि दुसऱ्या काही गोळ्यांबरोबर घेतलं तर जिवावर बेततं."

मी म्हटलं, "पोरी, मी अठ्ठावीस वर्षं धान्याची कोठारं सांभाळली. मजा करायचं माझं वय नाही." तिने मान हलवली, पण तिच्या डोळ्यांतून माझा खोकला उतरलेला होता. मला अपमान वाटला. घरी येऊन कोंबड्यांना सांगितलं, त्यांना पटलं.

१७ जुलै, मंगळवार

बुलाराला जाऊन आलो, बासष्ट किलोमीटर. तिथल्या दुकानातला माणूस प्रश्न विचारत नाही, त्याला फोनवर बोलायचं असतं. तीन आणल्या. उगाच थुईला त्रास नको. एक तिथेच गाडीत बसून उघडली, घसा कोरडा पडला होता.

परतीचा रस्ता कधी संपला कळलंच नाही. खरंच कळलं नाही. बुलाराचं कोठार मागे गेलेलं आठवतं आणि मग माझं फाटक.

१८ जुलै, बुधवार

लोकांना गाडी कशी चालवायची याचं वळण उरलेलं नाही. माझ्या पिकअपचा पुढचा बंपर डावीकडून आत गेलाय. बुलाराला उभी केली असताना कुणीतरी ठोकून पळालं असणार. निळा-पिवळा रंगही लागलाय त्याला.

दिवस मात्र सत्कारणी लागला. स्नोच्या फाटकावरची पत्रपेटी काल कुणीतरी मुळासकट आडवी केली. बिचाऱ्याने क्लबच्या रंगात स्वतः रंगवलेली होती. त्याची नात त्या वळणावर शाळेच्या बसची वाट बघत उभी राहते, ती काल सर्दीमुळे घरी होती म्हणून बरं, असं तो तीनदा म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून नवा खांब पुरला. अशा माणसाचं लायसन्स काढून घेतलं पाहिजे, असं मी म्हटलं. स्नो म्हणाला, "क्लेम्या, सापडू दे तो, त्याला मी खांबाजागी पुरतो." मी म्हटलं, मी खड्डा खणून देतो.

२१ जुलै, शनिवार

माझ्या तेवीस वर्षांतला सर्वोत्तम सामना.

पोर्ट हॅलिस समोर होतं. मी मध्यंतरात डब्यातून चहा घेतला (चहाच नव्हता तो, स्वतःशी काय खोटं बोलायचं) आणि चौथ्या डावात मला खेळ आतून दिसायला लागला. खांब चारचे आठ झाले, पण मला त्याची भीती नाही वाटली, उलट निवड करायला वाव मिळाला. आम्ही चार गुणांनी पुढे, शेवटचं मिनिट. पोर्ट हॅलिसच्या पोराने लाथ घातली आणि चेंडू इतक्या संथपणे आला की त्याची शिवण मोजता आली असती. सुंदर गोल. मी दोन्ही बोटं रोखली आणि दोन झेंडे असे फडकवले की खांद्यातून आवाज आला. मैदानावरचा अंपायर धावत आला. "क्लेम, नक्की?" मी म्हटलं, "आयुष्यात इतका नक्की कधी नव्हतो."

आणि मग भोंगे. मैदानाभोवतीच्या आमच्या सगळ्या गाड्यांनी भोंगे वाजवले, थांबेचनात. समोरच्या संघाच्या गोलला आपल्या गावाने अशी दाद द्यावी, याला मन मोठं लागतं. मी झेंडे हलवत राहिलो. सामन्यानंतर कितीतरी जण माझ्याकडे आले, सगळे एकदम बोलत होते. मी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं.

२२ जुलै, रविवार

स्नो आला होता. दारातच उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "काल काय होतं ते?"

"गोल."

"गोल? अरे, तो चेंडू माझ्या गाडीच्या टपावर पडला. खांबापासून वीस पावलं लांब. तू पोर्ट हॅलिसला सामना दिलास आणि वर सगळ्यांशी हात मिळवलेस. मिसेस ट्रेलोरच्या नवऱ्याला तू 'आभारी आहे' म्हणालास, तो तुला शिव्या देत होता." मग आवाज उतरवून, "क्लेम्या, तू प्यायला लागलास का परत? मला सांग. मी तक्त्याजवळ जाणार नाही."

मी म्हटलं, एक थेंब नाही. हे खरं होतं आणि तरी बोलताना तोंड वाकडं झालं. तो गेल्यावर बाटली सिंकमध्ये ओतायला घेतली. अर्धी ओतली.

२४ जुलै, मंगळवार

दोन दिवस काही घेतलं नाही. दोन दिवस म्हणजे काल दुपारपर्यंत.

नोरीनचा फोन आला. क्लबातून कुणीतरी तिला चांदण्यांचं कळवलंय. हसत होती. ते हसू मी विसरूनच गेलो होतो, शेवटी थोडं नाकातून येतं ते. म्हणाली, "पडद्याचं कापड परत केलं मी दुकानात." मग म्हणाली, "तुझा आवाज असा का येतोय? घाईत असल्यासारखा."

"सर्दी."

"औषध घेतोस ना?"

मी हो म्हटलं. आयुष्यात इतकं खरं उत्तर मी तिला कधी दिलं नसेल. फोन ठेवून वही उघडली. मला ती परत यायला हवी आहे. हे इथे एकदा सरळ लिहून ठेवतो, कारण तिला मी हे असं कधी म्हटलेलं नाही.

२६ जुलै, गुरुवार

सकाळी गोळी घेतली, मग घशासाठी म्हणून बाटली. आज पाय स्थिर राहात नाहीत, गुडघे आपोआप उडतात. छातीत कुणीतरी जिन्यावरून धावतंय. बाहेर थंडी आणि मी घामाने भिजलोय. फ्लू असणार. थुईकडे जाऊन काहीतरी आणतो. गाडी नको, चालतच जा

२८ जुलै, शनिवार

ही नोंद हॉस्पिटलातून. वही स्नोने आणून दिली, वाचली नाही म्हणतो. मला खरं वाटतं, त्याला चष्म्याशिवाय जर्सीचा नंबरही दिसत नाही.

परवा थुईच्या दुकानात शिरलो ते दार धरूनच. तिने मला खुर्चीत बसवलं, मनगट धरलं, डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "क्लेम, आता मागे कुणी उभं नाहीये. काय काय घेता तुम्ही?"

मागे मिसेस ट्रेलोर उभी होतीच. पण मला इतकी भीती वाटत होती की मी सगळं सांगितलं. खोकल्याचं औषध, किती, कुठून. आणि ती सकाळची गोळी, तिच्या नावासकट.

थुईचा चेहरा पांढरा पडला. अँब्युलन्सला फोन करत असताना तिने माझा हात सोडला नाही. नंतर इथल्या डॉक्टरांनी समजावलं ते असं: ती गोळी मेंदूत एक रसायन वाढवते आणि हे खोकल्याचं औषध जास्त घेतलं की तेच रसायन आणखी वाढवतं. दोन्ही मिळून माणूस आतून तापत जातो, हृदय धावत सुटतं, स्नायू आखडतात. "आणखी एक दिवस घरी राहिला असता," ते म्हणाले, "तर आपली ओळख झाली नसती." बाटलीवर मद्यार्क नाही असं लिहिलंय हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, उंदराच्या विषातही नसतो.

मिसेस ट्रेलोरने अँब्युलन्स येईपर्यंत माझ्या कपाळावर ओला रुमाल धरला होता म्हणे. आणि जाताना थुईला म्हणाली, "ती गोळी मीही घेते. वॉलकॉटहून."

दोन दिवस पडल्या पडल्या छताकडे बघतोय. आज दुपारी एकाएकी निळा-पिवळा रंग आठवला.

मी उठून बसलो. नर्स धावत आली, मशीन वाजायला लागलं होतं. बुलाराहून येताना. स्नोचं वळण. ती पोर त्या दिवशी सर्दीमुळे घरी होती. सर्दीमुळे, बाकी कशामुळेही नाही.

२९ जुलै, रविवार

स्नो भेटायला आला, द्राक्षं घेऊन, आणि त्यातली निम्मी स्वतःच खाल्ली. मी म्हटलं, "तुझी पत्रपेटी मी पाडली."

तो चघळायचा थांबला.  मी वाट बघत होतो की तो उठून जाईल, आणि गेला असता तर मी त्याला दोष दिला नसता.

"आणि खांब पुरायला आलास," तो म्हणाला.

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"ते मला कळतंय रे. म्हणूनच अंगावर काटा येतोय." द्राक्षांची पिशवी त्याने माझ्या मांडीवर ठेवली. "पिकअपची चावी माझ्याकडे राहील. नोरीन सांगेपर्यंत. आणि पेटी तूच रंगवायचीस. दोन हात. पिवळा नीट लाव, मागच्या वेळी मी घाई केली होती."

दारातून वळून म्हणाला, "नातीला मी काही सांगणार नाही. पण तू मात्र विसरू नकोस." मी कसा विसरणार?

३१ जुलै, मंगळवार

घरी सोडलं. थुईनेच आणून पोचवलं, दुकान बंद करून. घरातल्या बाटल्या एका पिशवीत भरून नेल्या. जाताना मी तिला विचारलं की नोरीनला कुणी काय सांगितलंय.

"एवढंच की दोन औषधं एकत्र झाली आणि तुम्ही बरे आहात. उद्या अकराच्या बसने येतायत त्या. बाकीचं माझ्याकडून जाणार नाही, ते तुमचं आहे."

म्हणजे नोरीनला वाटतंय साधी गफलत झाली. कुणाचीही होते.

संध्याकाळी क्लबाचा सेक्रेटरी आला. तक्त्यावर माझ्यापुढे तीस चांदण्या आहेत, हॉस्पिटलमधले दिवसही त्याने आपणहून धरले. मास्तर परवा घसरला. पोर्ट हॅलिसच्या त्या गोलबद्दल गावाने मला माफ केलंय, आजारी माणूस म्हणून. उद्या माझा फोटो भिंतीवर लागणार, महिनाभर कोरडा राहिलेला एकटा माणूस. त्याने माझ्या हातात शेवटची चांदणी दिली, चिकटवायची राहिलेली.

ती टेबलावर आहे. बिअरचा थेंबही मी घेतलेला नाही. कुठल्याही कोर्टात हे खरं ठरेल. नोरीन उद्या येईल, फोटो बघेल, नाकातून हसेल. पेस्ट्यांतलं गाजर जाईल. गप्प बसायचं तेवढंच काम आहे आणि गप्प बसण्यात मी वाकबगार आहे.

१ ऑगस्ट, बुधवार

नोरीन अकराला आली. मला दारात धरून उभी राहिली, हाडं मोजल्यासारखी. "किती वाळलास," म्हणाली, "आणि मी तिकडे बसून चांदण्यांचा आनंद मानतेय."

मी किटली ठेवली. चहा होईपर्यंत मला तीन वेळा वाटलं की आज नको, उद्या सांगू. मग ही वही तिच्यापुढे ठेवली आणि वर ती चांदणी. म्हटलं, "तू म्हणाली होतीस दाखवू नकोस. पण वाच. मी मागे कोंबड्यांकडे आहे."

कोंबड्यांना दोनदा दाणे घातले. खुराडं झाडलं. लिंबाच्या झाडाखाली वाळलेली पानं होती ती गोळा केली, मग परत पसरली आणि परत गोळा केली. घरातून आवाज नाही. एकदा मात्र हसू आलं, ते नाकातलं. भोंग्यांपर्यंत पोचली असणार. नंतर खूप वेळ काहीच नाही. तेव्हा ती कुठल्या पानावर होती हे मला माहीत होतं.

मागचं दार उघडलं. डोळे लाल होते तिचे. पायरीवरूनच विचारलं, "सगळं लिहिलंयस?"

मी हो म्हणणार होतो. मग जाऊन शेडमधला डावा गमबूट उचलला, आत हात घातला आणि बाटली काढून तिच्यापुढे धरली. बुलाराची तिसरी. थुईच्या पिशवीत ही गेली नव्हती. का ठेवली होती ते मला सांगता येणार नाही. फेकायची राहिली असं म्हणालो असतो तर ते खोटं होतं.

नोरीनने ती उलटी करून पायरीशेजारच्या मोरीत रिकामी केली, शेवटच्या थेंबापर्यंत. "आता?"

"आता सगळं."

"थुईकडे दर आठवड्याला जायचंस. डॉक्टरांकडेही, आणि मी बरोबर येणार. गोळी टॅलाबिंगातूनच घ्यायची, मिसेस ट्रेलोरच्या समोर. आणि हो, क्लेम, मला आज राग आलाय. प्रचंड राग आलाय."

मी म्हटलं, "बरं वाटलं ऐकून." आणि खरंच बरं वाटलं. आम्ही दोघंही थोडं हसलो आणि थोडं रडलो, कोंबड्यांच्या देखत.

शनिवारी मी वॉलकॉटची जर्सी घालून पेस्ट्या विकणार आहे. कुणी सांगितलेलं नाही, माझं मीच सेक्रेटरीला फोन करून कळवलं. तो म्हणाला, पण तू प्यायला नव्हतास. मी म्हटलं, तो फोटो उतरव.

फोन ठेवून वळलो तर नोरीन पुन्हा पायरीवर उभी होती. कोपऱ्यातले माझे झेंडे तिच्या हातात. ती पाठ ताठ करून उभी राहिली, एक बोट माझ्याकडे रोखलं, आणि मग एक झेंडा, तो जळलेल्या कोपऱ्याचा, डोक्यावर नेऊन अगदी नियमाप्रमाणे हलवला. दुसरा तिने काखेत दाबून ठेवला होता.

एक गुण.

मी तो घेतला.